अमान्यता आणि लेखनसातत्य : केशवसुत, जीवनानंद दास व मुक्तिबोध

१

भारतीय भाषांच्या वाङ्मयेतिहासांत एका विशिष्ट घडणीचे कथन वारंवार आढळते. हयातीत उपेक्षिला गेलेला लेखक मृत्यूनंतर युगप्रवर्तक ठरतो आणि इतिहासकार या विलंबित न्यायाची नोंद करून पुढील प्रकरणाकडे वळतो. या कथनात लेखकाची चिकाटी हा त्याच्या प्रतिभेचा एक उपगुण मानला जातो. लेखक मोठा होता म्हणून तो लिहीत राहिला आणि तो लिहीत राहिला म्हणून अखेर त्याचे मोठेपण सिद्ध झाले, अशी ही वर्तुळाकार मांडणी असते. मरणोत्तर कीर्ती हे जणू त्या चिकाटीचे व्याजासह परत मिळालेले मुद्दल होय, असा भाव तीत असतो.

या मांडणीत दोन दोष संभवतात. पहिला दोष असा की, लेखकाला जे ठाऊक नव्हते ते इतिहासकार त्याच्या आयुष्यात मागे नेऊन बसवितो. लिहिणाऱ्याला आपल्या लेखनाचे पुढे काय होणार याची कल्पना नसते. पुढील पिढीच्या मान्यतेचा उजेड त्याच्या टेबलावर पडत नसतो. दुसरा दोष असा की, सातत्य हा स्वभावाचा गुण मानला की ते कशाच्या आधारावर टिकले, हा प्रश्नच उरत नाही. उपजीविका, नियतकालिके, पहिले वाचक, हस्तलिखित जपण्याची रीत, पत्रव्यवहार या साऱ्या गोष्टी मग चरित्राच्या तळटिपांत जातात.

प्रस्तुत निबंधात तीन भाषाव्यवहारांतील तीन कवींच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. मराठीतील केशवसुत (१८६६-१९०५), बंगालीतील जीवनानंद दास (१८९९-१९५४) आणि मराठी घरात जन्मून हिंदीत लेखन करणारे गजानन माधव मुक्तिबोध (१९१७-१९६४) हे ते तीन कवी होत. तिघेही आपापल्या भाषेतील आधुनिक कवितेच्या इतिहासात आज मध्यवर्ती स्थानी आहेत. तिघांचाही उदरनिर्वाह प्रामुख्याने शिक्षकी पेशावर चालला. मात्र मान्यतेच्या अभावाशी तिघांचे नाते एकाच प्रकारचे नव्हते आणि त्या अभावाने त्यांच्या लेखनाला दिलेला आकारही वेगवेगळा होता. हा भेदच येथे विशेष महत्त्वाचा आहे.

प्रारंभी एक खुलासा आवश्यक आहे. ‘अमान्यता’ हा शब्द येथे सरसकट अर्थाने योजलेला नाही. तिघांपैकी एकही कवी पूर्णतः अज्ञात नव्हता. तिघांनाही समकालीन कवींपैकी काही जण ओळखत होते, वाचत होते. त्यांच्या वाट्याला न आलेली मान्यता वेगळ्या स्तरावरची होती. ग्रंथरूप, स्थिर उपजीविका, समीक्षेची गंभीर दखल आणि विस्तृत वाचकवर्ग यांपैकी एक वा अनेक गोष्टी त्यांना हयातीत लाभल्या नाहीत. समव्यवसायी कवींमधील मान्यता आणि साहित्यव्यवहारातील मान्यता यांत हा फरक केला नाही, तर उपेक्षेची चर्चा भावुक होते.

२

कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील मालगुंड येथे झाला. शिक्षण अनेक गावी, अनेक खंड पडत झाले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते मॅट्रिक झाले तेव्हा १८८९ साल उजाडले होते, म्हणजे वयाची विशी उलटून गेली होती. पुढे मुंबईत शिक्षकाच्या लहानसहान नोकऱ्या, १८९६ नंतर मुंबईत पसरलेल्या प्लेगमुळे झालेले स्थलांतर, खानदेशात भडगाव व फैजपूर येथील अध्यापन आणि अखेरीस धारवाड असा त्यांचा प्रवास झाला. १९०५ च्या नोव्हेंबरमध्ये हुबळी येथे प्लेगनेच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांच्या नावावर एकही काव्यसंग्रह नव्हता. त्यांचे छायाचित्रही मागे राहिले नाही.

त्या काळी शालेय काव्यवाचनावर आणि त्यायोगे सुशिक्षितांच्या अभिरुचीवर ‘नवनीत’ या १८५४ च्या वेच्यांच्या ग्रंथाचा प्रभाव होता. संतकवी, पंडितकवी आणि विशेषतः मोरोपंत यांच्या रचनेवर पोसलेल्या या अभिरुचीला कवीचे स्वतःचे ‘मी’पण हा कवितेचा विषय होऊ शकतो, ही कल्पनाच नवखी होती. इंग्रजीतील चौदा ओळींचा काव्यप्रकार मराठीत आणणारा आणि ‘तुतारी’ व ‘झपूर्झा’ यांसारख्या रचना एकाच वर्षी, १८९३ मध्ये, करणारा कवी या अभिरुचीला परका वाटणे स्वाभाविक होते.

असे असूनही केशवसुतांची कविता छापली जात होती, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. जळगावहून नारायण नरसिंह फडणीस यांनी १८८७ मध्ये सुरू केलेले ‘काव्यरत्नावली’ हे संपूर्णपणे कवितेला वाहिलेले मासिक, हरि नारायण आपटे यांचे ‘करमणूक’ आणि काशीनाथ रघुनाथ मित्र यांचे ‘मासिक मनोरंजन’ यांतून ती प्रसिद्ध होत गेली. अशा नियतकालिकांनी एक विखुरलेला पण सजग वाचकवर्ग घडविला होता. त्यात स्वतः कविता लिहू पाहणारे तरुण मोठ्या संख्येने होते. मान्यता देण्याची सत्ता ज्यांच्या हाती होती त्या विद्वद्‌वर्गाच्या बाजूला, काहीसा त्याला वळसा घालून, हा दुसरा मार्ग तयार झाला. रेव्हरंड टिळकांसारखे समकालीन आणि गोविंदाग्रजांसारखे वारसदार केशवसुतांना भेटले ते याच मार्गावर.

या परिस्थितीचे पडसाद खुद्द कवितेत उमटलेले दिसतात. कवी, कविता, स्फूर्ती आणि शब्द हे केशवसुतांच्या रचनेचे वारंवार येणारे विषय आहेत. १८८६ मधील ‘दुर्मुखलेला’ या आरंभीच्या कवितेत शिक्षकाने हिणविलेल्या विद्यार्थ्याचा आत्मविश्वास प्रकट होतो, तर १९०१ मधील ‘आम्ही कोण?’ या कवितेत कवीच्या अधिकाराचा जवळजवळ उद्दाम वाटावा असा उच्चार आहे. हा उच्चार करणारा कवी त्या वेळी खानदेशातील शाळामास्तर होता आणि त्याचे एकही पुस्तक प्रसिद्ध झालेले नव्हते, हे ध्यानात घेतले की त्या उद्दामपणाचा अर्थ बदलतो. समाजाने कवीला जी जागा दिलेली नाही ती कवितेने आधी स्वतःच उच्चारून ठेवावी, असा तो प्रयत्न ठरतो. मान्यतेच्या अभावी कविता आपल्या अस्तित्वाचे समर्थन आपल्या पोटातच वागवू लागते. आधुनिक मराठी कवितेत कवितेविषयीची कविता इतक्या लवकर आणि इतक्या आग्रहाने अवतरली, याचे एक कारण रोमँटिक इंग्रजी कवींच्या संस्कारात निश्चित आहे. दुसरे कारण या सामाजिक रितेपणात शोधावयास हवे.

त्यांच्या अनेक कवितांसोबत वृत्त, स्थळ व दिनांक यांची नोंद आढळते. ग्रंथ निघण्याची शाश्वती नसलेला कवी आपल्या रचनांचा हिशेब असा काटेकोर ठेवतो, ही बाब सूचक आहे. दीडशेहूनही कमी भरणाऱ्या या कविता ‘केशवसुतांची कविता’ या नावाने १९१७ मध्ये हरि नारायण आपटे यांनी संग्रहरूपाने प्रसिद्ध केल्या. कवीच्या मृत्यूला तेव्हा बारा वर्षे लोटली होती. ज्या संपादकाने ‘करमणूक’मध्ये या कवितेला जागा दिली होती त्यानेच तिला ग्रंथरूपही दिले, हा योगायोग म्हणता येणार नाही.

३

केशवसुतांच्या बाबतीत लेखन आणि प्रसिद्धी यांतील अंतर अल्प होते. अभाव होता तो ग्रंथाचा आणि प्रतिष्ठेचा. जीवनानंद दास यांच्या बाबतीत चित्र निराळे आहे. त्यांचे संग्रह निघत होते, परंतु त्यांनी जे लिहिले त्याचा फार मोठा भाग हयातीत कोणाच्या दृष्टीसच पडला नाही.

बारिशाल येथे १८९९ मध्ये जन्मलेल्या या कवीचा पहिला संग्रह ‘झरा पालक’ १९२७ मध्ये निघाला. लगोलग १९२८ मध्ये कलकत्त्याच्या सिटी कॉलेजमधील त्यांची नोकरी गेली. एका कवितेतील कथित अश्लीलतेमुळे ती गेली, अशी एक आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. मात्र आख्यायिकेतील ‘क्याम्पे’ ही कविता ‘परिचय’ या त्रैमासिकात आली ती १९३२ मध्ये, म्हणजे नोकरी गेल्यानंतर सुमारे चार वर्षांनी. वस्तुतः वसतिगृहातील सरस्वतीपूजेच्या वादातून महाविद्यालयाची विद्यार्थिसंख्या घटली, आर्थिक ओढाताण झाली आणि अध्यापकांची कपात झाली. उपेक्षित कवीच्या आयुष्याभोवती हौतात्म्याची कथा किती सहजपणे रचली जाते, याचे हे बोलके उदाहरण होय. कालानुक्रम तपासला की हुतात्मा अदृश्य होतो आणि नोकरी गेलेला एक तरुण अध्यापक उरतो.

दिल्लीच्या रामजस कॉलेजातील काही महिन्यांच्या नोकरीनंतर १९३० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि १९३५ मध्ये बारिशालच्या ब्रजमोहन कॉलेजात नेमणूक मिळेपर्यंतचा काळ बहुतांशी बेकारीत गेला. ‘शनिबारेर चिठि’ या नियतकालिकातून सजनीकांत दास त्यांच्या कवितेची टवाळी करीत होते. बाह्य निकषांवर हा काळ म्हणजे पराभवाचा काळ होय. परंतु हस्तलिखितांची साक्ष वेगळी आहे. याच वर्षांत त्यांनी वह्यांमागून वह्या भरल्या. कथा लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या. १९३३ मधील ‘कारुवासना’ ही त्यांपैकी एक. शीर्षकातच कलानिर्मितीची वासना आहे आणि तिने संसाराची केलेली वाताहत हा तिचा विषय आहे. १९३४ मध्ये त्यांनी बंगालच्या निसर्गावरील सुनीतांची एक वही लिहिली. यांतील काहीही त्या वेळी छापले गेले नाही. पुढे १९४८ मध्ये, फाळणीनंतरच्या कलकत्त्यात पुन्हा उपजीविका अस्थिर झाली असताना, ‘माल्यवान’सह आणखी कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. त्याही वह्यांतच राहिल्या. हयातीत त्यांची एकही कादंबरी प्रसिद्ध झाली नाही.

येथे लेखनसातत्याचा एक वेगळाच नमुना समोर येतो. केशवसुतांची कविता मान्यतेच्या अभावाला उंच स्वरात उत्तर देते. जीवनानंदांचे गद्य उत्तर देत नाही. ते अभावाचेच निरीक्षण करीत राहते. नोकरी शोधणारा, घरात ओशाळा झालेला, पत्नीच्या दृष्टीला दृष्टी न देणारा सुशिक्षित पुरुष हे त्यांच्या कथात्म लेखनाचे केंद्र आहे. अशा लेखनाला त्या क्षणी वाचक मिळता तर ते इतके निर्दय राहिले असते काय, हा प्रश्न उपस्थित करणे अप्रस्तुत ठरणार नाही. लोखंडी ट्रंकेत ठेवलेली वही ही एका अर्थाने उपेक्षेची खूण आहे. दुसऱ्या अर्थाने ती एक मोकळीक आहे. तेथे संपादकाची अपेक्षा नाही, टवाळखोराचा धाक नाही आणि घरच्यांची नजरही नाही. मात्र या मोकळिकीचा गौरव करताना सावध राहिले पाहिजे. ती कवीने स्वखुशीने निवडलेली नव्हती आणि तिची किंमत त्याच्या कुटुंबानेही मोजली होती.

कवितेच्या बाबतीत ते सर्वस्वी एकाकी नव्हते, हेही नोंदविणे आवश्यक आहे. बुद्धदेव बसू यांनी प्रथम ढाक्याच्या ‘प्रगति’मधून आणि १९३५ पासून ‘कविता’ या त्रैमासिकातून त्यांची सातत्याने पाठराखण केली. पहिल्या संग्रहानंतर नऊ वर्षांनी, १९३६ मध्ये, ‘धूसर पांडुलिपि’ हा दुसरा संग्रह निघाला. त्यामागोमाग ‘वनलता सेन’ (१९४२), ‘महापृथिवी’ (१९४४) आणि ‘सातटि तारार तिमिर’ (१९४८) हे संग्रह आले. आयुष्याच्या अखेरच्या दोन वर्षांत मान्यता दाराशी येऊन पोचली होती. १९५२ मध्ये ‘वनलता सेन’ची वाढविलेली आवृत्ती सिग्नेट प्रेसने काढली आणि तिला पुरस्कार लाभला. १४ ऑक्टोबर १९५४ रोजी कलकत्त्यात ट्रामच्या धडकेने ते जखमी झाले आणि २२ ऑक्टोबरला त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या ‘श्रेष्ठ कविता’ या संकलनाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९३४ ची ती सुनीतांची वही ‘रूपसी बांगला’ या नावाने १९५७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९७१ च्या बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात तिच्यातील कविता एका राष्ट्राच्या भावविश्वाचा भाग झाल्या. कवीने वहीत दडवून ठेवलेला बंगाल असा सार्वजनिक झाला. ‘माल्यवान’ मात्र वाचकांसमोर येण्यास १९७३ साल उजाडावे लागले.

४

तिसरे उदाहरण मराठी अभ्यासकांना विशेष जवळचे आहे. गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी तत्कालीन ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. पूर्वज खानदेशातून उत्तरेकडे गेलेले, वडील पोलीस खात्यात, घरची भाषा मराठी. धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध (१९२१-१९८४) यांनी ‘नवी मळवाट’, ‘यात्रिक’ हे काव्यसंग्रह आणि ‘क्षिप्रा’पासून सुरू होणारी कादंबरीत्रयी मराठीत लिहिली आणि १९७९ मध्ये ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या समीक्षाग्रंथासाठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविला. एकाच घरातील दोन भाऊ दोन भाषांतील नवकवितेत मार्क्सवादी जाणिवेचा शोध घेत होते, हे भारतीय तौलनिक साहित्याभ्यासातील दुर्मीळ उदाहरण होय.

मुक्तिबोधांचा आरंभ उपेक्षेचा नव्हता. अज्ञेय यांनी १९४३ मध्ये संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या हिंदी कवितेत युगारंभ करणाऱ्या संकलनातील सात कवींपैकी ते एक होते. तथापि त्यानंतरच्या एकवीस वर्षांत त्यांचा स्वतंत्र काव्यसंग्रह निघाला नाही. शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर असे नोकऱ्यांमागे फिरणे चालू होते. नागपुरातील दशकात (१९४८-१९५८) सरकारी खाते, आकाशवाणी आणि ‘नया खून’ हे साप्ताहिक असे त्यांचे पोटापाण्याचे उद्योग बदलत गेले. नागपूर ही तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड आणि नंतरचा मध्य प्रदेश या राज्याची राजधानी होती, जेथे हिंदी व मराठी दोन्हींचे साहित्यव्यवहार शेजारी शेजारी नांदत होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली. हिंदीत लिहिणाऱ्या मराठीभाषक लेखकाच्या पायाखालची ती जमीनच सरकली, असे म्हणता येईल. १९५८ मध्ये राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापकाची जागा मिळाली, तेव्हा त्यांना काहीशी स्थिरता लाभली. अलाहाबाद वा दिल्लीच्या हिंदी साहित्यकेंद्रांपासून हे गाव पुष्कळ दूर होते.

याच गावी त्यांच्या दीर्घ कविता विस्तार पावत गेल्या. ‘अंधेरे में’ ही सर्वांत प्रसिद्ध कविता १९५७ च्या सुमारास सुरू होऊन पुढील अनेक वर्षे पुनर्लेखनाच्या अवस्थेत होती. ‘एक साहित्यिक की डायरी’मध्ये त्यांनी कलेच्या तीन क्षणांची उपपत्ती मांडली आहे. उत्कट अनुभवाचा पहिला क्षण, त्या अनुभवाचे फँटसीत रूपांतर होण्याचा दुसरा आणि फँटसी शब्दबद्ध होण्याच्या प्रक्रियेचा तिसरा. तिसऱ्या क्षणात भाषेशी झगडताना मूळ फँटसीच बदलत जाते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ही उपपत्ती सौंदर्यशास्त्राचा भाग म्हणून चर्चिली गेली आहे. ती एका प्रकाशकहीन कवीच्या लेखनपरिस्थितीचे वर्णन म्हणूनही वाचता येते. ज्याच्या कवितेला छापखान्याची तारीख ठरलेली नाही त्याचा तिसरा क्षण संपत नाही. ग्रंथ मजकुराला थांबवितो, आणि ग्रंथाचा अभाव त्याला वाहता ठेवतो. मुक्तिबोधांच्या कवितेची लांबी, तिच्यातील आवर्तने, शेवटाकडे येऊनही न मिटणारा शोध यांचे मूळ त्यांच्या विचारात आहे. तसेच ते या वाहत्या हस्तलिखितातही आहे.

त्यांना वाचक नव्हते असे नाही. नेमिचंद्र जैन यांच्याशी चाललेला दीर्घ पत्रव्यवहार, जबलपूरला हरिशंकर परसाई यांचे ‘वसुधा’ हे मासिक, शमशेर बहादूर सिंह यांच्यासारखे कवी आणि श्रीकांत वर्मा यांच्यासारखे तरुण असे एक छोटे वर्तुळ त्यांच्याभोवती होते. वर्तुळाबाहेरचा अनुभव कठोर होता. १९६२ मध्ये ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या त्यांच्या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. ज्या पुस्तकाने चार पैशांची आशा दाखविली होती तेच मनस्तापाचे कारण झाले. फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. भोपाळच्या रुग्णालयातून त्यांना दिल्लीला हलविण्यात आले आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा पहिला संग्रह शमशेर यांच्या प्रस्तावनेसह त्याच वर्षी भारतीय ज्ञानपीठाने प्रसिद्ध केला. कवीने तो पाहिला नाही. ‘अंधेरे में’ ही कविता हैदराबादच्या ‘कल्पना’ मासिकात नोव्हेंबर १९६४ मध्ये आली. तीही मृत्यूनंतरच.

त्यांच्याच ‘ब्रह्मराक्षस’ या कवितेचा येथे उल्लेख करणे अगत्याचे आहे. मराठी लोकसमजुतीतही परिचित असलेले हे भूत मुक्तिबोधांच्या कवितेत ओसाड विहिरीत अडकलेल्या ज्ञानी पुरुषाचे रूप घेते. अखंड स्वतःला घासून स्वच्छ करणारा हा ज्ञानी अपूर्ण कार्यासह नष्ट होतो आणि कवितेतील निवेदक त्याचा शिष्य होऊन ते कार्य तडीस नेण्याची इच्छा व्यक्त करतो. ‘ब्रह्मराक्षस का शिष्य’ या कथेत तर गुरूची मुक्तीच ज्ञान शिष्याला देण्यावर अवलंबून आहे. ज्ञान असूनही ते घेणारा कोणी नसणे, ही या दोन्ही रचनांतील शोकात्मिका आहे. मान्यतेच्या प्रश्नाची मुक्तिबोधांनी केलेली मांडणी यातून स्पष्ट होते. त्यांच्या लेखी लेखकाला टाळ्यांची गरज नसते. त्याला वारसदाराची गरज असते.

५

तिन्ही उदाहरणे एकत्र ठेवली असता काही निष्कर्ष संभवतात. लेखनसातत्य निराधार नव्हते, हा पहिला निष्कर्ष होय. प्रत्येकाच्या मागे एक लहान नियतकालिक आणि एक आग्रही संपादक वा मित्र उभा होता. ‘काव्यरत्नावली’ व ‘करमणूक’, ‘प्रगति’ व ‘कविता’, ‘वसुधा’ व ‘कल्पना’ ही नावे या कवींच्या चरित्रांत पार्श्वभूमी म्हणून येतात. वास्तविक ती त्यांच्या सातत्याची भौतिक अट होती. मोठा वाचकवर्ग नसतानाही लेखक लिहू शकतो. एकही वाचक नसताना किती लेखक लिहू शकतील, हे सांगणे अवघड आहे.

दुसरा निष्कर्ष उपजीविकेविषयीचा आहे. शिक्षकी पेशाने तिघांनाही भाषेच्या सान्निध्यात ठेवले आणि साहित्यकेंद्रांपासून दूरही ठेवले. फैजपूर, बारिशाल आणि राजनांदगाव येथून पुणे-मुंबई, कलकत्ता आणि दिल्ली-अलाहाबाद यांचे अंतर केवळ मैलांचे नव्हते. प्रकाशक, परीक्षणे, संमेलने आणि परिचय यांच्या व्यवहारापासूनचे ते अंतर होते. या अंतरामुळे मान्यता लांबली. रूढ अभिरुचीचा दाब त्यामुळे सौम्य झाला, हेही तितकेच खरे.

तिसरा आणि तौलनिक दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, अमान्यता ही एकजिनसी अवस्था नसून ती लेखनाच्या रूपबंधात उतरते. केशवसुतांत तिने कवितेविषयीच्या कवितेचे आणि घोषणेचे रूप घेतले, जीवनानंदांत वहीतील निर्दय आत्मनिरीक्षणाचे आणि मुक्तिबोधांत न संपणाऱ्या पुनर्लेखनाचे. उपेक्षा ही चरित्राची बाब आणि रूपबंध ही समीक्षेची बाब, अशी विभागणी केल्यास हा संबंध हातातून निसटतो.

चौथा निष्कर्ष इतिहासलेखनाच्या नीतीशी निगडित आहे. या तिघांची मरणोत्तर मान्यता आपोआप आलेली नाही. आपट्यांनी केशवसुतांच्या कविता एकत्र केल्या. जीवनानंदांच्या मृत्यूनंतर त्यांची भगिनी सुचरिता दास यांच्यासह ‘मयूख’ या लहान पत्रिकेतील तरुणांनी हस्तलिखिते गोळा केली. त्यांपैकी भूमेंद्र गुह हे पुढे शस्त्रवैद्य झाले, आणि तो व्यवसाय सांभाळून त्यांनी कवीची किचकट लिपी उलगडण्यात आयुष्याची अनेक वर्षे घालविली. कवितांच्या वह्या कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात पोचल्या. मुक्तिबोधांची रचनावली नेमिचंद्र जैन यांनी १९८० मध्ये सहा खंडांत संपादित केली. ‘ब्रह्मराक्षस’मधील शिष्याची भूमिका प्रत्यक्षात कोणी ना कोणी पत्करली, म्हणून ही नावे आज उच्चारता येतात.

याच्या जोडीला खानदेशातील बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे उदाहरण ठेवावे. त्यांना अक्षरओळख नव्हती. शेतात व घरात काम करताना सुचलेल्या त्यांच्या ओव्यांना व गीतांना साहित्यव्यवहारातील यशापयशाचा स्पर्शच नव्हता. कवी असलेले पुत्र सोपानदेव आणि आप्त यांनी त्या टिपून ठेवल्या, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेने त्या वाचकांपुढे आल्या आणि १९५२ मध्ये, कवयित्रीच्या मृत्यूनंतर, संग्रह निघाला. ज्या ‘काव्यरत्नावली’च्या जळगावाने केशवसुतांना जागा दिली त्याच जळगावालगतच्या असोदे गावची ही कवयित्री छापील अक्षराच्या पलीकडे गात होती. टिपणारा हात घरात नसता तर त्या गीतांचे काय झाले असते, याचे उत्तर देण्याची गरज नाही. ज्यांच्या घरात तो हात नव्हता अशा स्त्रिया सर्व भाषाप्रदेशांत होत्या.

म्हणूनच ‘खरी प्रतिभा अखेर ओळखली जातेच’ हे विधान इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ज्यांच्या वह्या सापडल्या त्यांच्यावरून केलेले ते अनुमान आहे. ज्या ट्रंका वाळवीने खाल्ल्या, रद्दीत गेल्या, पुरात वाहिल्या, त्यांची साक्ष या अनुमानात येऊ शकत नाही. मरणोत्तर कीर्ती हे चिकाटीचे फळ मानले की, जिला असे फळ आले नाही ती चिकाटी निष्फळ ठरते. हा निर्णय देण्याचा अधिकार वाङ्मयेतिहासाला नाही. केशवसुत, जीवनानंद आणि मुक्तिबोध यांनी लेखन केले त्या दिवशी त्यांचे स्थान आणि पुढे विस्मृतीत गेलेल्या त्यांच्या एखाद्या समकालीनाचे स्थान यांत काहीही फरक नव्हता. दोघांसमोर तीच कोरी वही होती आणि पुढचे काहीही दोघांना ठाऊक नव्हते.

तेव्हा लेखनसातत्याचे मोल त्याला पुढे मिळालेल्या यशावरून न ठरविता, त्याने त्या त्या काळात काय शक्य केले यावरून ठरविणे योग्य होईल. अभ्यासकांपुढील काम यातून आपोआप निश्चित होते. लहान नियतकालिकांचे जुने अंक, जिल्ह्याच्या गावांतील वाचनालये, शिक्षक-लेखकांची खाजगी दप्तरे, घराघरांतील वह्या यांचा शोध हा भारतीय साहित्याच्या तौलनिक इतिहासाचा गाभा होय. आधीच मान्य झालेल्या नावांमधील साम्यभेदांपुरता तो इतिहास मर्यादित राहिला, तर त्याची तुलना ही सुदैवी लेखकांची तुलना ठरेल.